महालक्ष्म्या, पुरण आणि ओळंबा

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे मिरवणुकीनं निघाले, लोकांनी घसा बसेपर्यंत "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" केलं, आणि त्याच संध्याकाळी आमच्या आईनं मोरीत पाय घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. काळी मारबत १८८१ पासून नागपूरची पीडा शहराबाहेर नेते म्हणतात. आमच्या गल्लीत यायला तिला वेळ मिळाला नसावा.

प्लॅस्टर सहा आठवड्यांचं. महालक्ष्म्या आठ दिवसांवर.

पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, सोबत त्यांची दोन बाळं. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. २०२५ मध्ये हे तीन दिवस आले ३१ ऑगस्टचा रविवार, मग १ आणि २ सप्टेंबर. या दिवसांत नागपुरात कोणाला कामासाठी फोन केला तर "महालक्ष्म्या आहेत न भाऊ" एवढं उत्तर पुरतं. पुढचं कोणी विचारत नाही.

पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझं काम ठरलेलं होतं: माळ्यावरून पेट्या काढायच्या, लायटिंग करायचं, रात्री पंगतीत पाणी वाढायचं. बाकी सगळं आई आणि बायको. यंदा आईचा हात गळ्यात. आणि शनिवारी रात्री बायकोला अडचण आली. आमच्याकडे अजून पाळतात. मला हे पटत नाही आणि मी तसं बोललोही. आई गप्प बसली. बायको म्हणाली, "अहो, तुमचं भाषण राहू द्या, तुम्ही डाळ निवडा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा महालक्ष्म्यांना मी पाय पसरून बसणार आहे." तिनं खरोखरच बैठकीतला सोफा धरला आणि तीन दिवस तिथून हुकूम सोडले.

वर्ध्याहून आत्या यायची होती, पण ती सोमवारी सकाळी. म्हणजे रविवार माझा एकट्याचा. मदतीला चौदा वर्षांची लेक.

मी बांधकामाच्या धंद्यातला माणूस. कोणतंही काम हाती घेतलं की आधी माल किती लागणार ते कागदावर हवं. म्हणून आईसमोर वही घेऊन बसलो.

"पुरणाला डाळ किती?"

"पंचवीस पानं न? पाच मापटी घे."

"मापटं म्हणजे किती ग्रॅम?"

"मापटं म्हणजे मापटं."

आमच्याकडे आजीच्या वेळचं एक पितळी मापटं आहे, कडेला चेपलेलं. वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. काठोकाठ चण्याची डाळ भरली ३९० ग्रॅम. पाच मापटी म्हणजे दोन किलोला थोडी कमी. लिहून घेतलं. पुढे गूळ.

"निम्मा गूळ, निम्मी साखर."

"डाळीइतकंच?"

"डोळ्यानं घालायचं असते रे ते. शिजलेली डाळ पाहायची, मग कळते."

वहीत त्या दिवशी 'डोळ्यानं' हा शब्द सात वेळा आला. मीठ डोळ्यानं, आंबिलीचं ताक डोळ्यानं, कणीक सैल की घट्ट तेही हातानं. वैताग आला, पण चिडायला तोंड नव्हतं. आमच्या साइटवरचा म्हातारा मिस्त्रीही मूठभर ओली वाळू दाबून पाहतो आणि पाणी किती ते सांगतो. त्याला मी कधी ग्रॅम विचारले नाहीत.

बाजार शनिवारीच उरकला होता. सीताबर्डीच्या फुलबाजारातून शेवंती, केवड्याचं एक कणीस आणि दोन कमळं. कमळांचा भाव ऐकून मी हात मागे घेतला आणि मग आईचा चेहरा आठवून पुन्हा पुढे केला. गोकुळपेठ बाजारात या दिवसांत सोळा भाज्यांचे तयार वाटे मांडलेले असतात. प्रत्येक भाजीचा एकेक तुकडा: दोन भेंड्या, कोहळ्याची फोड, कारल्याचं टोक, चार गवारी, चवळीच्या शेंगा, दोडकं, पडवळ, कटुलं. सगळ्यांची मिळून एकच भाजी होते. मी वाटा न घेता एकेक निवडून घेतल्या, मोजून घेतल्या, आणि घरी आल्यावर आईनं डाव्या हातानं टोपलीतून एकेक बाजूला काढल्या तेव्हा पंधराच भरल्या.

"आता?"

"सांबार आणला का?"

"आणला."

"मग तो धर सोळावा."

(बाहेरच्यांसाठी: नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबर येतो तो वेगळा. या एका शब्दापायी बायकोला, ती सोलापूरची, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात भाजीवाल्यानं येड्यात काढलं होतं.)

रविवारी सकाळी पेट्या उघडल्या. मुखवटे मलमलच्या फडक्यात, त्यावर जुनं रेशमी पोलकं, त्यात वाळलेला कडुलिंब. आमचे मुखवटे शाडूचे आहेत, चितारओळीतून आजोबांनी आणलेले, मध्ये एकदा रंगवून घेतलेले. ज्येष्ठेच्या हनुवटीखाली नखाएवढा टवका गेलेला आहे. तो दिसू नये म्हणून तिला नेहमी ठुशी घालतात, हे मला यंदा कळलं. मी इतकी वर्षं तिला ठुशीची आवड आहे असं समजत होतो.

धडासाठी पत्र्याच्या कोठ्या आहेत, कमरेएवढ्या. त्यांत गहू आणि तांदूळ भरायचे, वर लाकडी मान बसवायची, कापूस भरलेले कापडी हात बांधायचे आणि मग लुगडं. नऊवारी. मी आयुष्यात साडीची घडीदेखील धड घातलेली नाही. आई खुर्चीवर, बायको सोफ्यावर, आणि दोघी एकाच वेळी बोलून राहिल्या.

"आधी कमरेला नाडी आवळ."

"अहो, नाडी नको, पट्टा घ्या, माझा जुना आहे."

"निऱ्या डावीकडून घे."

"त्यांची डावी की माझी?"

"तिची!"

निऱ्या हातात धरल्या की पदर सुटायचा, पदर पिनेनं अडकवला की निऱ्या ओघळायच्या. शेवटी लेकीनं निऱ्या एका फूटपट्टीवर गुंडाळून एकसारख्या केल्या, वरून कपड्यांचे चिमटे लावले, आणि पट्टा आवळल्यावर चिमटे काढून घेतले. ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. एका लुगड्याला दीड तास लागला, दुसऱ्याला चाळीस मिनिटं.

मुखवटे चढवले आणि दारापर्यंत मागे जाऊन पाहिलं. कनिष्ठा झुकली होती, उजवीकडे, थोडीशीच. मानेखाली कागदाची घडी सारली, तर डावीकडे गेली. आई म्हणाली सरळ आहे, बायको म्हणाली वाकडी आहे, लेक म्हणाली भिंतच वाकडी आहे. घर मी स्वतः बांधलेलं असल्यामुळे हे सहन होण्यासारखं नव्हतं. गाडीच्या डिकीतून ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा दोरीला बांधलेला लंबक, आणला, धुतला, आणि छताच्या हुकाला दोरी बांधून कनिष्ठेच्या नाकासमोर सोडला. पितळी लंबक दोनचारदा हलून स्थिर झाला. नथ, गळ्यातल्या पदकाचा मधला मणी आणि मधली निरी एका रेषेत यायला हवी होती. मुखवटा सहा मिलिमीटर बाहेर होता. पाचर मारली. मग ज्येष्ठेलाही लावून पाहिला. ती पहिल्यापासून ओळंब्यात होती.

आई प्लॅस्टर पोटाशी धरून इतकी हसली की ठसका लागला. "तुझ्या बाबांनी कधी केलं नाही हे, बाप्पा!"

दुपारी त्यांना घरात आणलं. म्हणजे बसवलेले मुखवटे पुन्हा उतरवून, ताटात घेऊन, तुळशीपाशी गेलो. क्रम खरं तर उलटा आहे, आधी आणायच्या आणि मग चढवायच्या, पण माप घेतल्याशिवाय माझं मन मानेना. उंबऱ्यापासून कोठ्यांपर्यंत रांगोळीची पावलं. लेकीच्या हातात ज्येष्ठा, शेजारच्या वहिनींच्या हातात कनिष्ठा, मागे मी ताट आणि पळी वाजवत. "महालक्ष्मी आली!" "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी!" देवघर, स्वयंपाकघर, धान्याचे डबे, कपाट, सगळं दाखवलं. बायको बैठकीतून ओरडली, "अहो, माळाही दाखवा, तुमचा सगळा पसारा तिथेच आहे!" संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी यांचा नैवेद्य. भाकरी मी थापल्या. त्यांविषयी लिहीत नाही.

रात्री झोपण्याआधी ज्वारीची कणी ताकात भिजवली. आंबिलीशिवाय महालक्ष्म्यांचं पान पूर्ण होत नाही, पुरणपोळी एखादी कमी चालेल.

सोमवारी चारला उठलो. आंघोळ करून बाबांचा मुकटा नेसलो. चौदा वर्षं तो कपाटात होता आणि घडीवर चिरला होता. चिर आत घेऊन नेसलो. बाहेर पाऊस पडून गेलेला आणि उकाडा असा, की गॅस पेटवायच्या आधीच पाठ भिजली.

डाळ चार वेळा धुऊन कुकरला लावली, हळद आणि चमचाभर तेल घालून. इथे माझी चूक झाली. घाई होती म्हणून दोन शिट्ट्या जास्त घेतल्या आणि डाळीचा भुगा झाला. बोटानं दाबल्यावर मोडली पाहिजे पण आख्खी दिसली पाहिजे, असं आईनं सांगितलं होतं. भुगा झालेल्या डाळीतून कट नीट निथळत नाही. चाळणीत ठेवली तर खाली पाण्याबरोबर डाळच यायला लागली. मी म्हटलं जाऊ दे, आणि गूळ-साखर घातली. गूळ विरघळताच गंजातलं (पातेल्यातलं) सगळं खिरीसारखं पातळ झालं.

साडेपाच वाजले होते. मी आईला उठवायला गेलो, तर ती उठूनच बसली होती. वासावरून तिला कळलं होतं म्हणे. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढून घेतली, गंजात डोकावली.

"फेकायचं का?"

"फेकतोस कशाला? आटव. आणि हलवत राहा. खाली लागलं तर मग देवही काही करू शकत नाही."

पन्नास मिनिटं हलवलं. पुरण आटायला लागलं की त्याचे बुडबुडे फुटतात आणि थेंब थेट मनगटावर येऊन बसतात, चिकटतात, पुसेपर्यंत भाजून झालेलं असतं. माझ्या उजव्या हातावर पाच फोड आले. आई बोलत नव्हती. फक्त प्लॅस्टरच्या बाहेर आलेली तिची चार बोटं खुर्चीच्या हातावर गोल गोल फिरत होती, माझ्या सराट्याच्या (उलथन्याच्या) लयीत, आणि मी हळू झालो की ती जोरात फिरायची.

"झालं का?"

"सराटा उभा कर मधोमध. सोड. पडला? मग नाही झालं."

हे ऐकलं आणि मला हसू आलं. ही तर स्लम्प टेस्ट. काँक्रीट फूटभर उंच शंकूत भरायचं, शंकू वर उचलायचा, आणि ढीग किती खचतो ते मोजायचं. जास्त खचला तर पाणी जास्त. कॉलेजात पहिल्यांदा केली तेव्हा फार शास्त्रीय वाटली होती. सराटा तीनदा पडला. चौथ्यांदा थोडा कलला आणि थांबला. आई म्हणाली, "आता उतरव. थंड झाल्यावर आणखी घट्ट होते." वहीत लिहिलं: सराटा, कल पाच अंश, गॅस बंद.

गरम असतानाच पुरणयंत्रातून काढलं, जायफळ आणि वेलची घातली. आत्या साडेआठला वर्ध्याच्या गाडीनं उतरली, सोवळं नेसली, आणि मग मला कळलं की माझं काम इथवरच होतं. कणीक तिनं तेल लावून पुन्हा तिंबली. नागपुरी पोळीत लाटी लिंबाएवढी आणि पुरण मोसंबीएवढं. पारी इतकी पातळ की तव्यावर आतलं पिवळं दिसलं पाहिजे. मी भरलेल्या पहिल्या तीन फुटल्या. चौथ्यापासून भरायचं माझ्याकडे आणि लाटायचं आत्याकडे असं ठरलं. बावन्न पोळ्या झाल्या. पोळ्यांआधी काढून ठेवलेल्या पुरणाचे सोळा दिवे केले, आरतीसाठी.

बाकीचा स्वयंपाक पटापट सांगतो: सोळा भाज्यांची भाजी, कढी, भात-वरण, पंचामृत, काकडीची कोशिंबीर, चमकोऱ्याच्या (अळूच्या) वड्या, भजी, आंबील. आंबील मीच केली, आलं, जिरं आणि खोबऱ्याचे काप घालून, आणि त्यात माझी चूक झाली नाही हे इथे नोंदवून ठेवतो. फुलोऱ्याच्या करंज्या, वेणी आणि फणी आत्यानं तळूनच आणल्या होत्या. लेकीनं त्या दोऱ्यात ओवून महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगल्या. कांदा-लसूण अर्थात नाही. मीठ कशातच चाखायचं नाही, म्हणून सगळं डोळ्यानं. कढीत थोडं कमी पडलं.

संध्याकाळी पूजा, दिव्यांची आरती, मग दोघींपुढे आणि बाळांपुढे पानं वाढली आणि पडदा ओढला. आमच्याकडे एवढा वेळ कोणी बोलत नाही. त्या जेवत असतात. लहानपणी मी एकदा पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं आणि मार खाल्ला होता. यंदा पडद्याबाहेर बसलो तर पाय थरथरत होते, सोळा तास उभा होतो. पडद्याआडून केवड्याचा, तुपाचा आणि विझलेल्या वातींचा वास येत होता. पलीकडच्या गल्लीत कोणाच्या तरी घरी टाळ्या आणि आरती चालू होती, त्याच्या पलीकडेही.

पंचवीस जण म्हणता म्हणता एकतीस जेवले. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेल्याला परत पाठवत नाहीत, आणि नागपुरात सगळ्यांना ते माहीत आहे. पोळ्या तुकड्यांत वाढल्या. एका काकांनी तुपाची वाटी पोळीवर उलटी केली आणि म्हणाले, "वहिनींच्या हातची चव काही वेगळीच." आईनं गळ्यातला हात उचलून दाखवला. काका दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिले आणि मग आणखी एक पोळी मागितली.

बायकोचं पान मी बैठकीत नेऊन दिलं. तिनं पोळी उलटून पाहिली, वास घेतला, अर्धी खाल्ली. "पुरण जरा जास्त आटलंय," म्हणाली. मग उरलेली अर्धी खाल्ली आणि दुसरी मागितली.

मंगळवारी आवराआवर. सुताला हळद लावून गाठी पाडल्या, दहीभात आणि शेवयांची खीर दाखवली, अक्षता टाकल्या आणि दोन्ही मुखवटे जागचे किंचित हलवले. शाडूचे असले तरी आमचे विसर्जनाला जात नाहीत. हलवले की झाल्या त्या परत. कोठ्यांतले गहू आणि तांदूळ आपल्या डब्यांत मिसळून टाकले. लुगड्यांच्या घड्या बायकोनं सोफ्यावर बसून सांगितल्या, लेकीनं घातल्या. पेटीत आधी जुनं पोलकं, मग मलमल, मग ताजा कडुलिंब, मग मुखवटे. ठुशी वेगळ्या डबीत.

ओळंबा मी उचलून खिशात टाकायला लागलो तर आईनं डावा हात पुढे केला. दिला. तिनं दोरी लंबकाभोवती गुंडाळली, एका हातानं, दातात एक टोक धरून, त्याला हळद-कुंकवाचं बोट लावलं आणि कनिष्ठेच्या मुखवट्याशेजारी ठेवून पेटीचं झाकण लावायला मला खुणावलं.

"अगं, मला उद्या साइटवर लागतो."

"नवीन घे. हा आता त्यांचा."

पेटी माळ्यावर गेली. बुधवारी सकाळी भिंतीचं काम सुरू होतं, आणि म्हाताऱ्या मिस्त्रीनं विटांच्या पहिल्याच रद्द्याला विचारलं, "साहेब, ओळंबा कुठंय?"